सात घरांच्या दुधाची पाळी

उंच डोंगरावरच्या माळावर सात घरं होती. त्यातल्या शेवटच्या, वाऱ्याने वाकलेल्या घरात सोनकी राहायची. तिचा इवलासा भाऊ म्हादू तापातून उठला होता, पण पायांत जोर नव्हता. वैद्यबुवा म्हणाले, "रोज तूपभात द्या, पोर उभं राहील." त्यांना सांगायला काय जातं? सोनकीची गाय पेलाभर दूध द्यायची. तेवढं विरजून घुसळलं, तर लोणी रवीलाच चिकटून संपायचं.

सातही घरांची हीच गत, बरं का. घराघरात एक गाय, एक पेला दूध आणि एक रवी. रोज सात रव्या घुमायच्या, पण तूप कुणाच्याच पानात पडायचं नाही.

एका सकाळी जांभळ्या-पिवळ्या रानफुलांत सोनकी रडत बसली होती. तेवढ्यात दवाच्या थेंबातून एक पिटुकली परी बाहेर आली. तिचे चंदेरी पंख लुकलुकत होते.

"दोन इच्छा देते," परी म्हणाली. "पण नियम ऐक. मी नवीन काही घडवत नाही. इथलं उचलते, तिथे ठेवते. मागताना ते कुठून येईल याचा विचार कर."

पण सोनकीचं सगळं लक्ष म्हादूकडे. "गाडगंभर तूप दे गं परीबाई," ती म्हणून गेली.

घरी आली तर सोनेरी, रवाळ तुपाचं गाडगं चुलीपाशी हजर. सोनकीने भात टाकला. तो शिजतोय तोच शेजारच्या हौसामावशी रडत दारात आल्या. "लेकीच्या बाळंतपणासाठी वर्षभर थेंब थेंब साठवलं होतं गं. सगळं गेलं."

सोनकीने चुलीपाशच्या गाडग्याकडे पाहिलं. म्हादू तर आ करून बसलेला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "परीबाई, मावशींचं तूप परत ठेव." दुसरी इच्छाही संपली. म्हादूने कोरडाच भात खाल्ला.

मग सोनकीने रानफुलांत जाऊन परीला विचारलं, "सात पेले एका मडक्यात आणशील का?"

"त्याला मी कशाला? तुम्हाला पाय आहेत की," परी म्हणाली.

सोनकीने सगळ्यांना गोळा केलं. "रोज एकाच घरी सगळ्यांचं दूध घालू. पाळीपाळीने सगळ्यांना तूप मिळेल."

"आणि पहिलं घर तूप खाऊन शब्दाला फिरलं तर?" धोंडीकाकांनी विचारलं.

"मग माझी पाळी शेवटी धरा," सोनकी म्हणाली. "आणि मावशी, तुमचं तूप माझ्यामुळेच गेलं होतं." तिने आपला पेला मावशींच्या मडक्यात ओतायला धरला.

मावशींनी तिचा हात अडवला. "माझ्या घरात आज तूप आहे," त्या म्हणाल्या. "ज्याची नड मोठी, त्याची पाळी आधी. चला, म्हादूच्या घरी."

धोंडीकाकांनी मान खाजवली, पण दूध घातलं. दुसऱ्या दिवशी सोनकीच्या ताकावर मूठभर लोण्याचा गोळा आला. आठवडाभर म्हादूने तूपभात खाल्ला. पाळी फिरतच राहिली.

धोंडीकाकांची पाळी आली, त्या दिवशी म्हादूने दुधाचा पेला मागून घेतला आणि स्वतःच्या पायांनी निघाला. वाटेवरच्या फुलावर परी बसली होती. ती हसली, लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली. म्हादूने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दूध सांडलं असतं ना.