राजा फरशीवर बसला तेव्हा

एका राज्यात, सूर्य उगवून बरोबर चार घटका झाल्या असता, भिवरा सुतारणीची करंगळी लाकडाची झाली.

त्याचे असे झाले. जादूगाराच्या शापाने तान्ह्या राजपुत्राची झोप उडाली होती. राजाच्या मनाला पटेल त्याच पाळण्यात तो झोपणार होता; आणि राजा ज्याचा पाळणा नाकारील, त्या कारागिराचे एक बोट लाकडाचे होणार होते. कितीक कारागिरांची बोटे अशी गेल्यावर भिवराने दोन मोर टांगलेला सागवानी पाळणा आणला. राजा सिंहासनावरूनच म्हणाला, "मन भरलं नाही."

"दहा होती, नऊ राहिली," राजाचा पोपट बोलला.

"मग काय करू, महाराज?"

"मोर वाढव."

तिने दोनाचे आठ मोर टांगून पाळणा पुन्हा आणला. राजा म्हणाला, "अजून मन भरत नाही." राणी म्हणाली, लाल रंग दे. प्रधान म्हणाला, हिरवा. दुसरेही बोट लाकडाचे झाले. भिवराला याच हातांनी घरी लेकीला न्हाऊ घालायचे होते.

तिसऱ्या खेपेला ती रिकाम्या हाताने आली.

"नवा पाळणा कुठे?"

"नाही केला. आता रंधा उचलणार नाही."

"तुरुंगात टाकीन."

"टाका. पण 'मन भरलं नाही' यावर मी रंधा कुठे मारू? मोर किती, ते माझं काम. लेकरू कशानं दचकतं, ते तुम्ही सांगा. आणि तिघांनी तीन सांगू नका, एकानं सांगा."

"तोंड फार चालतं तुझं."

"बोटं कमी झाली ना, महाराज."

राजाने लेकराला पाळण्यात कधी पाहिलेच नव्हते. तो सिंहासनावरून उतरला, फरशीवर बसला, बाळाला दरबारातच राहिलेल्या आठ मोरांच्या पाळण्यात घालून स्वतः दोरी ओढू लागला. एक झोका. दोन झोके. तीन झोके.

"झोका मागे येताना कडी करकरते," तो हळूच म्हणाला, "तेव्हा हा दचकतो. मोरांच्या सावल्या डोळ्यांवर फिरतात, म्हणून तोंड फिरवतो. लाकूड मात्र छान गुळगुळीत आहे. त्याला हात लावू नकोस."

"आता कळलं."

भिवराने कडीला एरंडेल लावले, मोर काढून पायथ्याशी बसवले. राजपुत्राने जांभई दिली आणि झोपला.

"पटलं," राजा म्हणाला.

भिवराची लाकडी बोटे कोमट झाली, वाकली. राज्यातल्या साऱ्या कारागिरांची बोटे तशीच परत आली. पोपट मोजू लागला.

"हळू मोज," भिवरा म्हणाली, "तो उठेल."

ऐकणाऱ्यांनो, कुणी कुणाकडून काही घडवून घेत असेल, तर ही गोष्ट आधी त्याच्या कानावर घाला.