रांजणाचा तळ

पूर्वी मेघवती नगरीत पुष्यसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापारी तांड्यात सोमक नावाचा पाणक्या होऊन जगत होता.

तांडा चाळीस गाड्यांचा. पिण्याचे पाणी एका गाडीवर गवतात बसवलेल्या मोठ्या रांजणात असे. निघताना घरच्या नदीचे पाणी पुजून त्यात भरायचे आणि परत येईपर्यंत रांजण कधीही रिता करायचा नाही, अशी तांड्याची रीत होती. तळ उघडा पडला तर माणसे घरी परतत नाहीत, असे सगळे मानीत. म्हणून प्रत्येक मुक्कामी नवे पाणी जुन्यावरच ओतले जाई.

तिसऱ्या महिन्यात झऱ्याकाठी मुक्काम असताना जुलाब-वांत्यांची साथ आली. सहा माणसे गेली. मग तांड्याचा नायक पूर्णक याची चार वर्षांची मुलगी मंजरी अंथरुणाला खिळली. तिची आई धारिणी तिला मांडीवरून खाली ठेवीना. ठाऊक होते तेवढे नवस तिने एका सकाळीच बोलून टाकले होते.

सोमक गाडीपाशी आला. "माई, रांजण ओतू द्या. राखेने घासतो, उन्हात वाळवतो. झऱ्याच्या उगमाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरतो. पोरीला उकळून देतो."

"आणि घरी कसं जायचं आम्ही?" धारिणी म्हणाली. "घरचं पाणी आहे ते, सोमकबाबा."

"घरचं पाणी पहिल्या चार मुक्कामांतच पिऊन झालं, माई."

एक गाडीवान हसला. "बाबा, घासून घासून भोक पाडाल. मग पाणी काय पागोट्यातून नेणार?"

पूर्णकाला हसू आले नाही. "पाणी भरायला ठेवलंय तुला. रीत शिकवायला नाही."

सोमक मान खाली घालून गेला.

धारिणीच्या मनात आले, घरच्या नदीचे जे काही उरले असेल ते अगदी तळाशीच असेल. लांब दांड्याचे ओगराळे तिने तळापर्यंत नेले आणि ते पाणी तीर्थासारखे मंजरीच्या ओठांना लावले. पोर तहानलेली होती, घटाघट प्यायली. दुपारपर्यंत तीनदा प्यायली. तिचे डोळे खोल गेले.

चौथ्या वेळी ओगराळे हातातून निसटून रांजणात बुडाले. ते काढायला धारिणीने खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर आला तेव्हा त्यावर कोपरापर्यंत बुळबुळीत हिरवट थर होता आणि त्याला कुजका वास होता. त्या हाताकडे ती बघतच राहिली. मग तिने रांजणाला खांदा लावला.

"धारिणी, वेड लागलं का?" पूर्णक धावत आला.

"हात लावा," ती म्हणाली, "नाहीतर बाजूला व्हा."

पूर्णकाने तिच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने हात लावला. पाणी मातीत वाहून गेले. बायकांनी तोंडावर पदर घेतला. सोमक रांजणात वाकून राख नि काथ्या घेऊन घासू लागला. चूल पेटली. पाणी उकळले, पण निवायला वेळ लागतो. तेवढा वेळ मंजरी थांबली नाही.

पुढच्या दिवसांत नवे कोणी आजारी पडले नाही. ते पाहून धारिणी सोमकापाशी आली.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, बाबा?"

"दुसऱ्या महिन्यापासून. झाकण काढलं की वास यायचा."

"मग?"

"नायकांना सांगितलं. ते रागावले. मग मी हळूच बोलत राहिलो, माई. ओरडायला हवं होतं."

क्षमा त्याने मागितली नाही. मागून मिळण्यासारखी ती नव्हती. धारिणी तिथेच जमिनीवर बसली आणि पोर गेल्यापासून प्रथमच मोठ्याने रडली. सोमक उन्हात उभा राहून तिच्यावर सावली धरून होता.

त्यानंतर जिवावरची गोष्ट तो कधी हळू बोलला नाही. दोन तांड्यांनी त्याला हाकलून दिले. तिसऱ्याने ऐकले.

जमलेल्यांना ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "तो पूर्णक म्हणजे आज आपल्या हाताने विहिरीचा गाळ उपसणारा हा गृहस्थ. धारिणी म्हणजे भिक्षूंचे पाणी रोज गाळणारी ही उपासिका. सोमक मीच होतो. आणि मंजरी या जन्मी नव्वद पावसाळे पाहून, ही पहा, पुढच्या रांगेत काठी घेऊन बसली आहे. वेळेवर आणि मोठ्याने सांगितलेले सत्य, ही सत्यपारमिता. त्या जन्मी मी ती उशिरा शिकलो."