खिडकीखालची भुकटी

“सर, यापेक्षा स्वच्छ खोली सोलापुरात दाखवा. मग होकार का देत नाही?”

बसवराज बिराजदार दारात उभा होता. नरसय्या इराबत्ती सर खोलीच्या मधोमध. ते खिडकीकडे बघत होते.

सर इमारतींचे निवृत्त तपासनीस. दर रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते आम्हा घरमालकांना शिकवायचे. गच्चीची गळती, पाण्याची टाकी, आणि जुन्या तैलरंगातलं विषारी शिसं. वर्ग संपताना प्रत्येकाने स्वतःच्या इमारतीतली एक खोली नीट करून सरांना दाखवायची, अशी रीत होती. बाकीचे आम्ही बघायला जायचो.

बसवराज वर्गात सगळ्यात पुढे बसायचा. उत्तर त्याच्याकडे प्रश्नाआधीच तयार असायचं.

ही खोली त्याच्या भाडेकरूची, जमादारांची. त्यांची चिन्नू याच फरशीवर रांगायला लागली. मग तिच्या रक्तात शिसं निघालं. खोली निर्धोक होईपर्यंत पोरीला तिथे नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आई तिला घेऊन माहेरी, अक्कलकोटला गेली. बाप टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता, रात्री तिथेच झोपायचा.

“शुक्रवारी दोघींना आणतो म्हणतोय जमादार,” बसवराज म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“काय काय केलंस?”

“भिंती, खिडकी, सगळं रंगवलं. फरशी ओल्या फडक्याने पुसली. कोरडा झाडू लावला नाही, पत्र्याने खरवडलं नाही. तुम्ही शिकवलं तस्संच.” मग तो हसला. “पटत नसेल तर तुम्ही पण एक फडकं धरा की, सर!”

“तुझ्याबरोबर? ... अजून नाही.”

आम्ही हसलो. बसवराजला ते आवडलं नाही.

“खिडकी उघड,” सर म्हणाले.

खिडकी अडली. बसवराजने खांदा लावला. लाकूड करकरलं.

“बंद कर.”

त्याने केली.

“उघड.”

“पावसात फुगते ती,” बसवराज धापा टाकत म्हणाला. “गच्चीचं पाणी तिथूनच उतरतं. जुनं लाकूड, सर. चालायचंच.”

सरांनी चष्मा खिशात ठेवला. पँट गुडघ्यांपाशी वर ओढली. आणि खाली बसून दोन्ही हात फरशीवर टेकले...

सत्तरी ओलांडलेला माणूस खोलीभर रांगत खिडकीपाशी गेला. कुणी हसलं नाही.

खिडकीच्या कट्ट्याला धरून ते उठले, जसं मूल उठतं. मग तळवा आमच्यापुढे उघडला.

बारीक हिरवी भुकटी. नव्या पांढऱ्या रंगाखालून घासून निघालेला जुना हिरवा.

“आत्ताच तर पुसली होती!”

“आणि आत्ताच तू खिडकी उघडलीस.”

सरांनी तळवा सावकाश तोंडाकडे नेला...

“सर!” बसवराजने झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं. “वेड लागलं काय तुम्हाला?”

“माझा हात धरलास,” सर म्हणाले. “चिन्नूचा कोण धरणार?”

बराच वेळ मनगट सुटलं नाही. मग बसवराजने फडकं भिजवलं आणि सरांचं एकेक बोट पुसून काढलं.

“शुक्रवार जमत नाही,” तो म्हणाला. “जमादारला मीच सांगतो.”

“रागावेल.”

“रागावू दे.”

जमादार रागावला. बसवराजचा मेहुणा वेगळंच बोलला. “एका पोरीपायी एवढा कुटाणा? दुसरा भाडेकरू बघ की.”

“दुसऱ्याला पोरं नसतील काय?” बसवराज म्हणाला, आणि गच्चीवर गेला.

आधी गच्चीचा उतार सुधारला, पाणी वळवलं. मग खोलीचं दार प्लास्टिकने बंद करून, पाणी मारत मारत, ती खिडकी चौकटीसकट काढली. तुकडे पिशवीत बांधूनच बाहेर नेले. तिथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. शेवटी पुसणं. बादली बदलायची, फडकं बदलायचं, पुन्हा पुसायचं.

एक दिवस त्याने सरांना बोलावलं. आम्हीही गेलो.

सर उंबऱ्याबाहेरच थांबले. बसवराजने त्यांच्याकडे पाहिलं... आणि स्वतःच गुडघ्यांवर आला. अंगाने आडदांड माणूस, खोलीभर रांगत सुटला. कोपरे, दारामागे, खिडकीखाली.

शेजारच्या खोलीतल्या कोंडाबाई गॅलरीतून डोकावल्या. “मालक, काय हरवलं हो?”

“काही सापडू नये म्हणून शोधतोय, मावशी.”

“अगंबाई!” त्या म्हणाल्या. पण तिथून हलल्या नाहीत.

नवी खिडकी त्याने उघडली, लावली, उघडली, लावली. कट्ट्यावर हात फिरवला. मग दोन्ही तळवे उजेडात धरले.

स्वच्छ होते.

“धुळीचे नमुने उद्या तपासणीला जातील,” तो म्हणाला. “कागद काय यायचा तो येईल. तुम्ही सांगा, सर. आणू ना चिन्नूला?”

सरांनी त्याच्या तळव्यांकडे पाहिलं.

बसवराज आपल्या तळव्याकडे बघत राहिला. मग तळवा हळूहळू तोंडाकडे गेला...

ओठांपाशी थांबला.

हात खाली आला. तो कुणाकडेही न बघता उठला. बादली मोरीत पालथी केली, नवं पाणी भरलं, फडकं बुडवलं, आणि खिडकीपासून पुन्हा पुसायला लागला.

सरांनी चपला काढल्या. बाह्या दुमडल्या. उंबरा ओलांडून आत आले.

“दुसरं फडकं कुठंय?”