आदिस्लावांची भाकरी

मंगळवार, सकाळी साडेअकरा. विद्यापीठाच्या भाषाभवनात रेवती नाईकनवरेची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालू होती. प्रबंध नाकारला गेला, तर तिची कॉलेजातली नोकरी जाणार होती.

तिचा विषय होता भाकरीसाठीचा एकच शब्द. रशियन, पोलिश, चेक या भाषा एकाच आईच्या लेकी. पण त्यांच्या आईची, म्हणजे आदिस्लाव भाषेची, एक ओळही लिहिलेली सापडत नाही. लेकींचे शब्द पडताळून आईचा शब्द ताडावा लागतो. रेवतीने तो ताडला आणि पुढे लिहिलं, की तो मूळचा शेजारच्या जर्मानिक टोळ्यांचा.

अध्यक्ष डॉ. पद्माकर खासनविसांनी प्रबंध टेबलावर आपटला.

"अहो बाई, घरच्या भाकरीला कोणी शेजाऱ्याचा शब्द लावतं का? शब्द त्यांचा म्हणजे भाकरीही त्यांचीच! मग तोवर तुमचे स्लाव काय हवा खाऊन जगत होते? घेऊन जा हे बाड!"

बाकीचे परीक्षक आज्ञाधारकपणे हसले. रेवतीने मात्र मान खाली घातली नाही.

"सर, 'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला."

"ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग?"

"मग आपला पगार अजून लिस्बनहूनच येतो का?"

या वेळी परीक्षक मनापासून हसले. खासनविसांनी पाणी मागवलं, घोटभर घेतलं आणि मंजुरीची सही केली.

रेवती डॉक्टर झाली, नोकरीही टिकली. खासनवीस मात्र हिशेबतपासणीचे प्राध्यापक आहेत. भाषेच्या प्रबंधावर त्यांना अध्यक्ष कोणी नेमलं, हे विद्यापीठाने अजून सांगितलेलं नाही.