चिकटलेली पट्टी

"पण हात बांधले नाहीत तर याची पट्टी बदलायची कशी, बाई?"

डॉ. नाडगौडांच्या आवाजात प्रश्न कमी आणि ठणकावणंच जास्त होतं. मनोरुग्णालयातले ते नावाजलेले डॉक्टर. मनाचे गुंते सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. आता म्हणे जखमा धुवायला शिका! शिकवायला आल्या होत्या ओगलेबाई, उभा जन्म शस्त्रक्रिया विभागात घालवलेल्या.

समोर खाटेवर भिवा पाय पोटाशी घेऊन बसला होता. पावलाला जखम, त्यात मधुमेह. जखम अशीच चिघळत राहिली तर पाऊल कापावं लागणार होतं.

"हा आला तेव्हा मुका होता," नाडगौडा म्हणाले. "अख्खा हिवाळा मी याच्या खाटेशी नुसता बसून काढला. मग बोलला, आपणहून."

"छान. आणि आता?"

"पट्टीला हात लावला की अंगावर धावून येतो. संशय बळावलाय. औषध वाढवलं मी."

"असं..."

बाईंनी चिकटपट्टीचा तुकडा कापला, नाडगौडांची बाही वर सारली आणि त्यांच्या केसाळ हातावर तो दाबून बसवला. मग त्या खुशाल जखमांबद्दल बोलत राहिल्या. नाडगौडा कंटाळून मान डोलवत होते.

बोलता बोलता बाईंनी पट्टी खसकन ओढली.

"आई गं!" नाडगौडांनी बाईंचा हात झटकून टाकला.

"संशय बळावला वाटतं," बाई म्हणाल्या. "औषध वाढवू?"

भिवा खुदकन हसला. नाडगौडांचे कान तापले. इतके दिवस आपण या माणसाच्या दुखण्याला वेड म्हणत होतो, या विचाराने त्यांना मनापासून लाज वाटली.

"भिवा... बघू का पाय?"

भिवाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग पाय हळूच पुढे केला.

आतलं कापड सुकून जखमेला घट्ट बसलं होतं. नाडगौडांनी हातमोजे चढवले आणि सवयीने कड चिमटीत धरली. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"त्याच्याखाली नवं मांस धरतंय. रोज तेच उपटता तुम्ही."

त्यांनी निर्जंतुक मिठाच्या पाण्याची बाटली पुढे केली. नाडगौडा कापडावर धार धरून बसले. भिवा शांत होता. हळूहळू एक कड सैल झाली. मधला भाग मात्र हलेना.

"बाई, एवढं भिजवूनही सुटलं नाही तर?"

बाई हात धुवायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या.

"हा बोलत नव्हता, तेव्हा काय केलंत?"