कुंभारमाशीची माती

फार मागची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावाला कुंभार नव्हता. एके वर्षी एक कुंभार बायकोला घेऊन तिथं राहायला आला. त्याचं जुनं गाव नदीकाठी होतं. पुरात नदीनं वाट बदलली आणि जाताना त्याचं घर, अंगण, मडकी भाजायचा आवा, सगळं घेऊन गेली.

गावकऱ्यांनी त्याला ओढ्याजवळ जागा दिली. झोपडी उभी करायलाही हात लावला. कुंभारानं चाक बसवलं, पण बसायचा दगड असा मांडला की तोंड उगवतीकडं राहील. तिकडं त्याचं जुनं गाव होतं. ओढ्याकडं त्याची पाठ असायची.

जुन्या नदीकाठची माती काळी होती, म्हणून इथंही त्यानं काळीच माती शोधली. शेताच्या कडेची आणली, तुडवली, मडकी घडवली. निम्मी वाळतानाच चिरली. काही आव्यात फुटली. जी वाचली, ती पाझरू लागली.

"इथल्या मातीत जीवच नाही," तो बायकोला म्हणायचा. असं करत वर्ष होत आलं.

एक दिवस शेळ्या राखणारी एक म्हातारी काखेत मडकं घेऊन दारात आली. तिचं लुगडं कमरेपासून ओलं झालं होतं.

"कुंभारा, हे मडकं आहे की गाळणं?"

कुंभारानं मडक्याचं ओलं बूड चाचपलं.

"अक्षय्य तृतीयेला बारा दिवस राहिलेत," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं नवं मडकं पाण्यानं भरून ठेवतात. तुला नाही जमलं, तर गाव दुसरा कुंभार आणून इथं बसवणार आहे. मागनं म्हणशील, कुणी सांगितलं नाही. म्हणून सांगते."

"आजी, दोष मातीचा आहे."

"अस्सं? मग मला सांग, तुझ्या पाठीमागच्या त्या टेकाडाला काय म्हणतात?"

कुंभारानं वळून पाहिलं. त्याला सांगता येईना.

"वर्षभर शेजारी राहतोस, नाव विचारलं नाहीस. आणि दोष मातीचा!" असं म्हणून म्हातारी शेळ्यांमागं गेली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आपणही पितरांचं मडकं ठेवायचं ना?"

"कुणासाठी? माझ्या आईबापांना नदीकाठचं गाव माहीत. ते इथं कसे येतील? त्यांना वाट कोण सांगणार?"

 बायकोनं निवलेली भाकरी पुन्हा तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभाराला दाराच्या चौकटीवर मातीचं एक एवढंसं घर दिसलं. कुंभारमाशी त्यावर ओल्या मातीचा थर देत होती. आधीच वैतागलेल्या कुंभारानं काठी उचलली.

"थांबा हो," बायको म्हणाली. "त्या चौकटीवर दिवसभर ऊन असतं. तुमची मडकी सावलीत चिरतात आणि हिचं घर बघा. एक चीर नाही."

कुंभारानं बोटानं टिचकी मारून पाहिली. घर दगडासारखं टणक होतं.

"हिला माती मिळते तरी कुठं?" बायको म्हणाली.

कुंभारानं काठी खाली ठेवली. त्यालाही आता ते जाणून घ्यायचं होतं.

माशी उडाली तसा तो मागं निघाला. पण माशीच्या पायाला काही काटा बोचत नाही; ती सरळ उडाली आणि हा काटे चुकवत राहिला. बांधापाशी ती दिसेनाशी झाली. मग तो तिथंच बसला. थोड्या वेळानं ती मातीची गोळी घेऊन परतली, पुन्हा गेली. या खेपेला तो तिच्या मागं करंजाच्या तीन झाडांपर्यंत पोचला. तिथं ती पुन्हा हरवली. तो पुन्हा बसला.

असे पाच दिवस गेले. जिथं माशी हरवायची, तिथं कुंभार बसून राहायचा. बसल्या बसल्या त्याला इकडचं तिकडचं दिसू लागलं. तीन करंजांना नवी पानं फुटली होती. ओढा वर कोरडा होता, पण एका वळणावर वाळूतून पाणी झिरपत होतं आणि धोबी पक्षी शेपटी हलवत तिथंच फिरत होता. इथं पाणी कुठून आलं, असं तो स्वतःलाच विचारायचा.

म्हातारी शेळ्या घेऊन जाताना दिसली, की तो विचारायचा, "आजी, या वळणाला काय म्हणता?"

"हरणडोह. पूर्वी हरणं पाण्याला यायची."

"आणि ते टेकाड?"

"घागरटेक. बाया पाणी घेऊन चढताना तिथं घागर टेकवतात. आठवलं का आता विचारायचं?" म्हातारी हसायची आणि शेळीला हाकलायची.

सहाव्या दिवशी माशी हरणडोहावरच्या दरडीपाशी उतरली. दरडीच्या पायथ्याला ओल होती. तिथं पिवळट माती होती, बारीक वाळू मिसळलेली. या मातीवरून कुंभार वर्षभर जात-येत होता. ती काळी नव्हती, म्हणून त्यानं तिच्याकडं पाहिलंच नव्हतं.

त्यानं चिमूटभर माती बोटांत चोळली. मग तिथंच उकिडवा बसून त्यानं तिची वळी केली, वाकवली. वळी तुटली नाही.

माशी बसली होती तेवढी कड सोडून त्यानं बाजूची माती खणली. दोघांनी मिळून ती तुडवली. मडकी घडली, वाळली, आवा लागला. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी म्हातारी आली. तिनं मडक्याला कान लावून बोटानं वाजवलं. टण्ण!

"घरी नेऊन पाणी भरते," ती म्हणाली. "लुगडं कोरडं राहिलं, तर तू आमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. लुगडं कोरडं होतं.

त्या दिवशी कुंभाराच्या बायकोनंही पाण्यानं भरलेलं मडकं मांडलं. कुंभारानं बसायचा दगड फिरवून ओढ्याकडं तोंड केलं. मग तो मडक्यापुढं हात जोडून बसला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"आई, बाबा, नदीकाठचं घर आता नाही. तुम्ही डोंगराच्या बाजूनं या. घागरटेकावर जरा दम खा. खाली उतरलं की हरणडोह लागेल, तिथलं पाणी गोड आहे. मग तीन करंज. त्यांच्या पुढं पहिली झोपडी आपली. दारावर कुंभारमाशीचं घर आहे, म्हणजे चुकणार नाही."

तात्पर्य: ज्या जागेकडं आपण पाठ करून बसतो, ती जागा परकीच राहते. तिच्याकडं वळून बघावं, तिला नाव विचारावं, म्हणजे ती आपलीशी होते.