साळिंदराने न उचललेला वाटा

वणव्यात अर्धं जळून गेलेल्या एका जंगलात एक सशीण राहत असे. आगीत आईबाप गमावलेली सात पिल्लं तिने गोळा केली होती. दोन सशांची, तीन खारींची, दोन तितरांची. त्यांच्यासाठी कायमचा निवारा उभा करायचा तिने ध्यास घेतला होता. पण रोज सात तोंडं भरायची कशाने? त्या जंगलाची रीत मोठी कडक. ज्याच्या बिळाने तीन पावसाळे पाहिले नाहीत, त्याच्या हाती कुणी बोरसुद्धा ठेवत नसे. नवख्याने चांगलं काम काढलं, तर आधी एखाद्या जुन्याजाणत्याचा आसरा मिळवायचा. देणाऱ्यांनी दाणे त्या जुन्याच्या दारात ठेवायचे, दहातला एक वाटा त्याने घ्यायचा, बाकीचे नवख्याने कामाला न्यायचे आणि दर पौर्णिमेला त्याला कामाची खबर द्यायची. रीत वाईट नव्हती हं, मुलांनो! तिच्या जोरावर कितीतरी कामं उभी राहिली होती.

सशिणीचं बीळ एकाच पावसाळ्याचं, म्हणून ती म्हाताऱ्या साळिंदराच्या बिळाशी गेली. वणव्यानंतर त्याला कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या नावाला जंगलभर मान होता आणि थोरांच्या बिळात डोकावणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा! ती बाहेरूनच म्हणाली, "आजोबा, पोरक्या पिल्लांसाठी तुमच्या नावाचा आधार द्याल का?" आतून अगदी हळू आवाज आला, "दिला." सशिणीला इतका आनंद झाला, की आजोबांचा घसा का बसलाय, हे विचारायचंही भान तिला राहिलं नाही.

झालं! साळिंदराचं नाव ऐकताच दारात दाण्यांचे ढीग पडू लागले. सशीण इमानदारीने दहातला एक वाटा तिथेच ठेवून उरलेलं नेई. पौर्णिमेला ती खबर द्यायला गेली, तेव्हा आतून प्रश्न आला, "पिल्लं किती?" तिने सांगितलं. दुसऱ्या पौर्णिमेला प्रश्न आला, "अंगाने भरली का? एकेकाचं माप सांग." बिचारीने कौतुकाने एकेका पिल्लाची लांबी-रुंदी सांगितली. आपला आधारकर्ता इतकी बारीक चौकशी करतो, याचा तिला केवढा अभिमान! "आणि स्वतःचा वाटा अजून उचललासुद्धा नाही," ती सगळ्यांना सांगत सुटली. तिसऱ्या खेपेला आवाज म्हणाला, "आता त्यांना घेऊन ये. दाराशी नको. आत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सशीण पिल्लांना न्हाऊमाखू घालून निघाली. बिळाजवळ एकही पाखरू बोलत नव्हतं. धाकटी खार तिच्या पोटाशी शिरली आणि काही केल्या पुढे होईना. तेवढ्यात सशिणीची नजर त्या वाट्यावर गेली. तीन महिन्यांचे दाणे तसेच होते. खालच्यांना बुरशी चढली होती, वरच्यांना कोंब फुटले होते.

"आजोबा, तुमचा वाटा तसाच पडलाय," ती म्हणाली.

"मी दाणे खात नाही, बाळ."

दाणे न खाणारा साळिंदर सशिणीने जन्मात ऐकला नव्हता. पण सात जीव तिच्या भरवशावर उभे होते. तिने आवाज सांभाळला. "आजोबा, एक पिल्लू मागे राहिलंय. त्याला घेऊन सगळी एकदमच येतो."

"सातही आहेत," आवाज म्हणाला, "पण ये जाऊन. मी थांबतो."

वळणापर्यंत ती सावकाश चालली. वळण आलं मात्र, पिल्लांना पुढे घालून जी पळाली, ती ओढ्यापलीकडे गेल्यावरच थांबली.

तिने वानरांना सगळं सांगितलं. त्यांनी दिवसाउजेडी ते बीळ उकरलं. आत कुणीच नव्हतं. एका कोपऱ्यात साळिंदराचे काटे तेवढे होते, लहानमोठे निवडून नीट रचून ठेवलेले. आणि शेजारी मऊ मातीत सात खळगे खणलेले होते. सशिणीने एकेका पिल्लाला त्यांत ठेवून पाहिलं. सातही खळगे अगदी त्यांच्याच मापाचे निघाले.

तात्पर्य : चांगलं काम दुसऱ्याच्या नावाच्या आधाराने सुरू करण्यात कमीपणा नाही, पण त्या नावामागे कोण बसलंय आणि त्याला आपल्याकडून काय हवंय, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावं.